सीपीयू ६० टक्केच व्यस्त, तरी डेडलाइन चुकते: रिअल-टाइम सिस्टीमचं मॉडेल कागदावर कसं मांडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इलेक्ट्रिक दुचाकीचा मोटर कंट्रोलर आहे, एसटीएम३२एफ४०७ वर (कॉर्टेक्स-एम४, १६८ मेगाहर्ट्झ), फ्रीआरटीओएस (टास्कना, म्हणजे कामांना, प्रायॉरिटीनुसार सीपीयू वाटून देणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) चालवलेलं. आयडल टास्कवरून (दुसरं काही काम नसताना चालणारं टास्क) मोजलेला भार ६० टक्क्यांच्या आसपास. बेंचवर तासन्‌तास सगळं नीट चालतं आणि मध्येच कधीतरी बॅटरी-संरक्षणाचं टास्क आपली २ मिलिसेकंदांची डेडलाइन चुकवतं. कारण सापडत नाही. रिअल-टाइम मॉडेलिंगवर एवढं संशोधन झालंय, त्यातलं इथे काही कामाचं आहे का, की ते विमानं बनवणाऱ्यांसाठीच?

कामाचं आहे, आणि त्यातला सर्वात उपयोगी भाग एका पानावर मावतो. आधी भाराचा आकडा बाजूला ठेवा. तो सरासरी सांगतो. डेडलाइन चुकते ती एका विशिष्ट क्षणी, जेव्हा सगळी कामं एकदम अंगावर येतात. त्या क्षणाचा हिशेब करता येईल असं मॉडेल हवं. त्यासाठी प्रत्येक टास्कबद्दल पाच गोष्टी लागतात: किती वेळाने येतं, जास्तीत जास्त किती वेळ खातं, कधीपर्यंत संपायला हवं, प्रायॉरिटी काय, आणि कुठली सामाईक गोष्ट किती वेळ धरून ठेवतं. पाचवा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा असतो, आणि तुमचा दोष तिथेच असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

अशा कंट्रोलरचा प्रातिनिधिक तक्ता खाली देतो. आकडे मायक्रोसेकंदांत आहेत, तुमचे मोजून घाला. क्रम प्रायॉरिटीचा, वरचं सर्वात वरिष्ठ:

करंट लूप, एडीसी इंटरप्टमध्ये: दर ५० ला, कमाल १४
कॅन (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणारी बस) रिसीव्ह इंटरप्ट: किमान अंतर २२२, कमाल ६
स्पीड लूप: दर १,००० ला, कमाल १८०
बॅटरी-संरक्षण: दर ५,००० ला, कमाल ६००, डेडलाइन २,०००
डॅशबोर्ड आणि कॅन सेंड: दर १०,००० ला, कमाल ९००
फ्लॅशमध्ये लॉगिंग: दर १,००,००० ला, कमाल ६,०००

कॅनचा २२२ हा आकडा हवेतून आलेला नाही. ११ बिटांचा आयडी आणि ८ बाइट डेटा असलेली फ्रेम, मधल्या मोकळ्या ३ बिटांसकट, स्टफिंग (सलग सारख्या बिटांमध्ये घुसडलेले जादा बिट) अजिबात नसेल तर १११ बिटांची होते. ५०० केबीपीएसला एक बिट २ मायक्रोसेकंदांचा, म्हणून २२२. म्हणजे बस गच्च भरली तरी ८ बाइटच्या दोन फ्रेम यापेक्षा जवळ येऊ शकत नाहीत. बसवर छोट्या फ्रेम असतील तर हे अंतर कमी धरा. रिकाम्या फ्रेमला ४७ बिट, म्हणजे ९४ मायक्रोसेकंदच लागतात. उलट, फ्रेम बाहेर जायला किती वेळ लागेल हे काढताना सर्वाधिक स्टफिंग धरून १३५ बिट, म्हणजे २७० मायक्रोसेकंद घ्यायचे. एकाच फ्रेमचे दोन आकडे आणि दोन्ही बरोबर: इंटरप्टचा भार काढताना लहान, पोहोचण्याचा वेळ काढताना मोठा. ही अदलाबदल फार ठिकाणी दिसते.

आता बेरीज. कमाल वेळा धरून भार ७५.७ टक्के येतो. १९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड यांनी दिलेली मर्यादा सहा टास्कसाठी ७३.५ टक्के आहे (टास्क वाढवत गेलं की ती ६९.३ कडे सरकते). आपण तिच्या वर आहोत. यावरून सिस्टीम चुकणारच असा निष्कर्ष निघत नाही. ही मर्यादा पुरेशी अट आहे, आवश्यक अट नाही. शिवाय ती डेडलाइन आणि आवर्तन सारखं असताना लागू होते, आणि आपल्या संरक्षण टास्कचं तसं नाही. तेव्हा तिच्यावर थांबू नका, थेट प्रतिसाद-काळ काढा.

ती पद्धत १९८६ मध्ये मथाई जोसेफ आणि परितोष पांड्या यांनी मांडली. दोघांचंही नातं मुंबईच्या टीआयएफआरशी. जोसेफ पुढे पुण्यातल्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्राचे प्रमुख होते. आज जगभरच्या ऑटोमोटिव्ह टायमिंग टूलांच्या पोटात हेच समीकरण, किंवा त्याची वाढवलेली रूपं, चालतात. शब्दांत सांगायचं तर: टास्कचा प्रतिसाद-काळ म्हणजे त्याचा स्वतःचा कमाल वेळ, अधिक खालच्या टास्कमुळे होणारी अडवणूक, अधिक त्या काळात प्रत्येक वरिष्ठ टास्क जितक्या वेळा येऊ शकेल तितक्या वेळा त्याचा कमाल वेळ. किती वेळा येईल हे काढताना भागाकार नेहमी वर पूर्ण करायचा. उत्तर समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे ते एका फटक्यात निघत नाही. लहान आकड्यापासून सुरुवात करायची आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत परत परत घालायचा.

संरक्षण टास्कसाठी, अडवणूक शून्य धरून, करून बघू. सुरुवात ६०० पासून. ६०० मध्ये करंट लूप १२ वेळा (१६८), कॅन ३ वेळा (१८), स्पीड लूप एकदा (१८०): बेरीज ९६६. ९६६ मध्ये करंट लूप २० वेळा, कॅन ५ वेळा, स्पीड लूप एकदा: १,०९०. इथे १,००० ओलांडलं, म्हणजे स्पीड लूपची दुसरी फेरी आत आली. म्हणून पुढचा आकडा एकदम १,२९८ होतो. मग १,३६०, मग १,३९४, आणि पुन्हा १,३९४. थांबला. डेडलाइन २,०००. म्हणजे कुठलंही काम मध्ये अडवत नसेल तर ६०६ मायक्रोसेकंद हातात राहतात.

मग चुकतं का? आता पाचवा रकाना. संरक्षण टास्क बॅटरी मॉनिटर चिपशी एसपीआय या चिपांना जोडणाऱ्या बसवरून बोलतं आणि लॉगिंगची फ्लॅशही त्याच एसपीआयवर असते, ही मांडणी अगदी सर्रास आढळते. दोघांमध्ये म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच बस वापरू देणारं कुलूप, असतो. फ्लॅशच्या एका पानात २५६ बाइट. कमांड आणि पत्ता धरून २६० बाइट १० मेगाहर्ट्झने पाठवायला २०८ मायक्रोसेकंद लागतात. बाकीचा वरखर्च धरून २२० म्हणू. पण ड्रायव्हर कसा लिहिलाय ते उघडून बघा. बरेच तयार ड्रायव्हर पान पाठवल्यावर फ्लॅशचा बिझी बिट शून्य होईपर्यंत वाट पाहतात आणि या पूर्ण वेळात म्यूटेक्स धरून ठेवतात. डब्ल्यू२५क्यू मालिकेतल्या फ्लॅशच्या डेटाशीटमध्ये पान लिहिण्याची कमाल वेळ ३ मिलिसेकंद आहे. ४ केबीचा सेक्टर पुसायला नेहमीची वेळ ४५ मिलिसेकंद आणि कमाल ४०० मिलिसेकंद.

आता बघा. पान लिहिण्याची नेहमीची वेळ १ मिलिसेकंदाच्याही आत असते, त्यामुळे ती बहुतेकदा खपून जाते. सेक्टर मात्र १६ पानांनंतर एकदा पुसला जातो. तेवढ्यात संरक्षण टास्क जागं झालं तर ते म्यूटेक्सपाशी ४५ मिलिसेकंद, आणि फ्लॅश जुनी झाली की त्याहून जास्त, उभं राहतं. वाट पाहणारा ड्रायव्हर मध्ये डिले घालत असेल तर तेवढा वेळ सीपीयू रिकामाच असतो, त्यामुळे भाराच्या आकड्यात यातलं काहीही उमटत नाही. दोष क्वचित दिसण्याचं आणि भार कमी दिसण्याचं कारण एकच आहे.

उपाय सरळ आहे. म्यूटेक्स फक्त बाइट वायरवर जात असताना धरायचा. फ्लॅश आतल्या आत लिहीत किंवा पुसत असते तेव्हा एसपीआय बस मोकळी असते. तिची चिप-सिलेक्ट वर केली की दुसऱ्या चिपशी बोलायला काहीच हरकत नसते. बिझी बिट तपासायला दर मिलिसेकंदाला म्यूटेक्स घ्या, दोन बाइट बोला, सोडा. सेक्टर आधीच पुसून ठेवा, शक्यतो गाडी उभी असताना. एवढं केलं की अडवणूक २२० वर येते. ती समीकरणात घातली की संरक्षण टास्कचा प्रतिसाद-काळ १,७१८ होतो. डेडलाइनच्या आत, पण आता हातात २८२ च उरतात.

इथे एक बारकावा सांगतो, कारण तो हाताने हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. डॅशबोर्डचं टास्क एसपीआयला हातही लावत नाही. तरी लॉगिंग म्यूटेक्स धरून बसलेलं असताना संरक्षण टास्क आलं, की प्रायॉरिटी इनहेरिटन्समुळे (कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी मिळते) लॉगिंग तात्पुरतं वर चढतं आणि डॅशबोर्डला मागे सारतं. म्हणून २२० ची अडवणूक त्यालाही मोजावी लागते. त्याचा प्रतिसाद-काळ २,९५० वरून ३,५३० होतो. अडवणूक २२० ची, वाढ ५८० ची, कारण लांबलेल्या वेळात वरची कामं आणखी काही वेळा येऊन जातात. इथे डेडलाइन १० मिलिसेकंद असल्याने बिघडत नाही. सर्वात खालच्या लॉगिंगलाही सगळं धरून २६ मिलिसेकंदांच्या आत मोकळीक मिळते.

इनहेरिटन्स नसता तर काय होतं हे १९९७ मध्ये मंगळावर दिसलं. मार्स पाथफाइंडर यानावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम होती. हवामानाचा डेटा घेणारं खालचं टास्क एक म्यूटेक्स धरून होतं, बस सांभाळणारं वरचं टास्क त्याची वाट पाहत होतं, आणि मधल्या प्रायॉरिटीचं दळणवळणाचं काम खालच्याला चालूच देत नव्हतं. वॉचडॉग (काम अडकलं की सिस्टीम रीसेट करणारा पहारेकरी) पुन्हा पुन्हा रीसेट करत राहिला. त्या म्यूटेक्सला इनहेरिटन्सचा पर्याय होता, फक्त चालू केलेला नव्हता. पृथ्वीवरून तो चालू करून दुरुस्ती झाली. याचा सिद्धांत शा, राजकुमार आणि लेहोच्की यांनी १९९० मध्येच छापला होता. फ्रीआरटीओएसमध्ये म्यूटेक्सला इनहेरिटन्स असतो, बायनरी सेमाफोरला नसतो. बसचं कुलूप म्हणून बायनरी सेमाफोर वापरलेला कोड मिळाला तर तो आधी बदला.

आता तक्त्याचा खरा फायदा. हे समीकरण स्प्रेडशीटमध्ये किंवा वीस-तीस ओळींच्या पायथनमध्ये बसतं, आणि मग 'आणखी किती भर घालता येईल' हा प्रश्न विचारता येतो. वरच्या आकड्यांवर स्पीड लूप १८० वरून २८२ पर्यंत वाढवला तरी संरक्षणाची डेडलाइन टिकते. २८३ ला तुटते. करंट लूप मात्र १४ वरून १९ पर्यंतच जाऊ शकतो, २० ला तुटते. म्हणजे इंटरप्टमध्ये कोणी ६ मायक्रोसेकंदांचं काम टाकलं, तर करंट लूप स्वतः मजेत चालेल आणि त्याच्याशी काहीही संबंध नसलेलं संरक्षण टास्क डेडलाइन चुकवेल. १६८ मेगाहर्ट्झला ६ मायक्रोसेकंद म्हणजे जेमतेम हजार सायकल. एखादं फिल्टर आणि दोन-तीन साइन-कोसाइनचे कॉल तेवढं सहज खातात. हा आकडा टीममधल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. माझा आग्रह असतो की तक्ता कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवावा आणि बिल्डच्या वेळी हिशेब आपोआप चालावा.

कमाल वेळ कशी मोजायची, याकडे वळतो. कॉर्टेक्स-एम४ मध्ये डीडब्ल्यूटी या डीबग विभागाचा सायकल काउंटर आहे. तो ३२ बिटांचा आहे, १६८ मेगाहर्ट्झला साडेपंचवीस सेकंदांत फिरून शून्यावर येतो. वजाबाकी अनसाइन्ड केली की त्याने फरक पडत नाही. फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी वाचा, सर्वात मोठा फरक जपून ठेवा. दोन चुका टाळा. पहिली: टास्कची वेळ मोजताना मध्ये येऊन गेलेल्या इंटरप्टचा वेळही त्यात धरला जातो, आणि मग समीकरणात तोच पुन्हा मोजला जातो. बेंचवर, मोटर न जोडता, इंटरप्ट बंद करून ते फंक्शन एकटं चालवा, किंवा ट्रेसमधून मधला वेळ वजा करा. दुसरी: मोजलेला सर्वात मोठा आकडा म्हणजे कमाल वेळ नव्हे, तो फक्त आजवर दिसलेला कमाल आहे. कोडमधल्या सर्वात लांब वाटेने जाणारे इनपुट मुद्दाम तयार करून द्या: सगळे फॉल्ट एकदम, सॅच्युरेशन, कॅनवर चुकीच्या चेकसमचा मारा.

या चिपवर १६८ मेगाहर्ट्झला आतल्या, कोड ठेवलेल्या फ्लॅशचे ५ वेट-स्टेट (सीपीयूला थांबावं लागणाऱ्या सायकल) लागतात. ते झाकायला एसटीने छोटा कॅश दिलाय, त्यामुळे तोच कोड कधी वेगात तर कधी हळू चालतो. बेंचवर इंटरप्ट एकटा चालवला की कॅश गरम राहतो आणि आकडा फसवा चांगला येतो. इंटरप्टचा कोड रॅममध्ये हलवला तर वेळ स्थिर होते, मात्र एफ४०७ मधली ६४ केबीची सीसीएम रॅम फक्त डेटा बसला जोडलेली आहे. तिच्यातून कोड चालत नाही. तिथे स्टॅक आणि टेबल ठेवा, कोड साध्या एसरॅममध्ये. फ्लोटिंग पॉइंट वापरणाऱ्या टास्कला मध्येच तोडलं तर स्टॅकवर ८ ऐवजी २६ शब्दांची जागा जाते. हा खर्चही मोजलेल्या वेळेत आला पाहिजे, आणि स्टॅकचा आकार ठरवताना तर नक्कीच.

मोजमापावर भागत नसेल, म्हणजे प्रमाणपत्राचा प्रश्न असेल, तर स्थिर विश्लेषणाची, म्हणजे कोड न चालवता कमाल वेळ काढणारी, टूलं आहेत. जर्मनीतल्या ॲब्सइंट कंपनीचं एआयटी हे त्यातलं नावाजलेलं. एअरबसने ते वापरलं आहे. ते बायनरीवर काम करतं, आणि लूप कमाल किती वेळा फिरेल हे जिथे त्याला स्वतः काढता येत नाही तिथे आपल्याला सांगावं लागतं. म्हणून कोड लिहितानाच प्रत्येक लूपला ठाम वरची मर्यादा ठेवा. 'उत्तर जुळेपर्यंत फिर' असा लूप असेल तर कुठलंही टूल हात टेकतं.

डेडलाइन मुळात येते कुठून, हा प्रश्न बहुतेक टीम विचारतच नाहीत. 'आवर्तन तेच डेडलाइन' असं लिहून मोकळे होतात. करंट लूपचं उदाहरण घ्या. २० किलोहर्ट्झला मोजणं, गणित आणि पीडब्ल्यूएम मिळून दीड आवर्तनाचा, म्हणजे ७५ मायक्रोसेकंदांचा उशीर होतो. लूपची क्रॉसओव्हर वारंवारता १ किलोहर्ट्झ असेल तर हा उशीर २७ अंशांची फेज खातो. सिम्युलिंक या सिम्युलेशन टूलमध्ये मूळ मॉडेल गणिताला शून्य वेळ धरतं, म्हणून तिथे लूप छान दिसतो आणि गाडीत तो किणकिणतो. सिम्युलेशनमध्ये हा उशीर घाला, त्यावर जिटर, म्हणजे उशिराचं दर वेळी कमी-जास्त होणं, तेही घाला, आणि किती उशिरापर्यंत लूप तग धरतो ते पाहा. डेडलाइन तिथून येते. काही कामांना मात्र सॉफ्टवेअरची डेडलाइन द्यायचीच नाही: मॉसफेटचं शॉर्ट-सर्किट काही मायक्रोसेकंदांत तोडावं लागतं, ते कंपॅरेटरमधून टायमरच्या ब्रेक इनपुटला वायरने जोडा. त्यात एकही टास्क नको.

टास्क एकेकटं वेळेत असणं पुरेसं नसतं. ब्रेक दाबल्यापासून टॉर्क शून्य होईपर्यंतची साखळी बघा. समजा ब्रेकचा स्विच संरक्षण टास्क वाचतं, व्हेरिएबलमध्ये ठेवतं, स्पीड लूप तो उचलतो आणि करंट लूपला देतो. लोक ५ अधिक १, म्हणजे ६ मिलिसेकंद धरतात. सुरक्षित वरची मर्यादा काढताना प्रत्येक टप्प्याचं आवर्तन आणि प्रतिसाद-काळ दोन्ही मिळवावे लागतात: ६,७१८ अधिक १,२७६ अधिक ६४, म्हणजे ८,०५८ मायक्रोसेकंद. कारण स्विच वाचून झाल्या झाल्या दाबला गेला तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते, आणि हे प्रत्येक टप्प्यावर होऊ शकतं. त्यात डिबाउन्ससाठी (स्विचची थरथर गाळायला) सलग तीन नमुने सारखे हवेत असं असेल तर आणखी १० मिलिसेकंद. ६ चे १८ झाले आणि कुठलंही टास्क उशिरा संपलेलं नाही.

इथे जिटरमुळे हा उशीर दर वेळी वेगळा येतो, आणि चाचणीत तो नेमका किती हे पकडणं अवघड जातं. बर्कलीत हेन्झिंगर, होरोविट्झ आणि कीर्श यांनी जिओट्टो या प्रोग्रॅमिंग भाषेत मांडलेली कल्पना याच दुखण्यावर आहे: टास्कने इनपुट आवर्तनाच्या सुरुवातीला घ्यायचं आणि आउटपुट आवर्तनाच्या शेवटीच बाहेर द्यायचं, मधे ते कधीही संपो. त्याला लॉजिकल एक्झिक्युशन टाइम म्हणतात. उशीर वाढतो, पण तो दर वेळी तेवढाच राहतो, आणि कंट्रोलचं गणित स्थिर उशीर सहज पचवतं. वाहनांच्या मल्टिकोर कंट्रोलरमध्ये ही कल्पना आता ऑटोसार या वाहन-सॉफ्टवेअर मानकाच्या टायमिंग नियमांतही आली आहे. तुमच्या कोडमध्ये ती दोन बफर आणि अदलाबदलीची एक ओळ एवढ्यात बसते. संरक्षण आणि स्पीड लूप यांच्यामध्ये मी ती नक्की घालेन.

फ्रान्समधून आलेल्या समकालिक भाषा, म्हणजे लस्टर, एस्टेरेल, सिग्नल, वेगळ्या टोकापासून सुरू होतात: प्रतिक्रियेला वेळ लागतच नाही असं धरून प्रोग्रॅम लिहायचा आणि शेवटी एका टिकमध्ये सगळं बसतं का एवढंच तपासायचं. लस्टरवर आधारलेल्या स्केड या टूलमध्ये एअरबसचं उड्डाण-नियंत्रण लिहिलं जातं. चार-पाच जणांच्या टीमला हे टूल घेणं महाग पडेल, पण शिस्त फुकट घेता येते: एका टास्कमध्ये आधी सगळं वाचा, मग गणित, मग सगळं लिहा. मध्ये कुठेही थांबू नका.

टायम्ड ऑटोमॅटा (घड्याळं जोडलेली अवस्थांची मॉडेलं) आणि ती तपासणारं अप्पाल हे टूल कुठे वापरावं, हेही विचारलं जातं. टास्कच्या वेळापत्रकासाठी मी वापरणार नाही, त्याला समीकरण पुरे. ते वापरा क्रमाच्या तर्कासाठी, जिथे टायमर, फॉल्ट आणि मेसेज एकमेकांत गुंतलेले असतात. प्रीचार्ज हे नमुनेदार उदाहरण: मुख्य कॉन्टॅक्टर लावण्याआधी रेझिस्टरमधून डीसी-लिंकचा कपॅसिटर भरायचा, नाहीतर पहिल्याच झटक्यात कॉन्टॅक्ट चिकटतात. १,००० मायक्रोफॅरड आणि १०० ओहम असेल तर टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद, ९५ टक्के भरायला ०.३ सेकंद. मॉडेलला विचारायचं की कुठल्याही क्रमाने घटना घडल्या, किल्ली बंद-चालू झाली, कॅनचा मेसेज हरवला, तरी ०.३ सेकंदांआधी मुख्य कॉन्टॅक्टर लागू शकतो का. टूल 'हो' म्हणालं तर नेमका क्रमही दाखवतं. हमखास सापडणारी चूक अशी: किल्ली पटकन बंद करून पुन्हा चालू केली की जुना टायमर रद्द झालेला नसतो आणि प्रीचार्ज अर्ध्यात संपला असं समजलं जातं. या मॉडेलमध्ये वेळेचं एकक १० मिलिसेकंद ठेवा. त्यातच ५० मायक्रोसेकंदांचा करंट लूपही घातला तर अवस्थांची संख्या फुगते आणि टूल परत येत नाही.

एएडीएल आणि मार्टे या सिस्टीमची रचना मांडायच्या मॉडेलिंग भाषांबद्दल: वेगवेगळ्या पुरवठादारांचे कंट्रोलर एकत्र येणार असतील, करारात टायमिंग लिहायचं असेल, तर एएडीएलचा खर्च भरून निघतो. एका बोर्डासाठी नको.

मॉडेल आणि कोड एकमेकांपासून दूर जाऊ देणाऱ्या काही जागा आहेत, त्या तपासून घ्या. आवर्ती टास्कमध्ये साधा टास्क-डिले वापरला असेल तर आवर्तन कामाच्या वेळेइतकं लांबत जातं, डिले-अन्टिल वापरा. करंट लूपच्या इंटरप्टची प्रायॉरिटी फ्रीआरटीओएसच्या 'मॅक्स सिसकॉल' मर्यादेच्या वर ठेवा, म्हणजे कर्नलचे क्रिटिकल सेक्शन त्याला अडवणार नाहीत. मात्र मग त्या इंटरप्टमधून एकही कर्नल कॉल करता येत नाही. कॉर्टेक्स-एममध्ये लहान आकडा म्हणजे मोठी प्रायॉरिटी, आणि एसटीएम३२ मध्ये वरचे चारच बिट वापरात असतात, हे विसरून उलट लावलेल्या प्रायॉरिटी वारंवार आढळतात. दोन टास्कना सारखी प्रायॉरिटी देऊ नका, टाइम-स्लाइसिंगमुळे समीकरण लागू राहत नाही. आणि सर्वात महत्त्वाचं: टास्कच्या मध्ये डीएमएसाठी (सीपीयूशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) थांबणं. वरचं समीकरण असं धरतं की टास्क जागं झालं की संपेपर्यंत स्वतःहून झोपत नाही. झोपत असेल तर खालच्या टास्कवर त्याचा परिणाम या गणितापेक्षा वाईट होऊ शकतो. अशा टास्कचे दोन तुकडे करा, किंवा संरक्षण टास्कच्या ६०० मायक्रोसेकंदांत एसपीआयची वाट पाहण्याचा वेळही धरा आणि तेवढा वेळ सीपीयू सोडू नका.

याच मुद्द्यावर संशोधकही अडखळले आहेत. स्वतःहून झोपणाऱ्या टास्कवरची बरीच छापलेली विश्लेषणं चुकीची निघाली आणि नंतर सुधारावी लागली. कॅन बसवरचं टिंडेल आणि सहकाऱ्यांचं १९९४ चं विश्लेषण वर्षानुवर्षं उद्योगात वापरलं गेलं. त्यातली त्रुटी २००७ मध्ये डेव्हिस, बर्न्स, ब्रिल आणि लुकियन यांनी दाखवून दुरुस्त केली. म्हणून पेपर वाचताना आधी 'सिस्टीम मॉडेल' हा भाग वाचा आणि प्रत्येक गृहीतकासमोर आपल्या कोडमधली ओळ शोधा: कोर एकच आहे का, डेडलाइन आवर्तनाच्या आत आहे का, टास्क मध्ये थांबतं का, संदेशांची रांग प्रायॉरिटीने लागते की आधी आला तो आधी. एसटीएम३२ च्या कॅनमध्ये पाठवायला तीन मेलबॉक्स असतात आणि ते आयडीने लावायचे की क्रमाने, हे एका बिटवर ठरतं. तो बिट चुकीचा असेल तर वरचं कुठलंच कॅन विश्लेषण तुमच्या बोर्डाला लागू होत नाही.

उद्या सकाळी सुरुवात करायची तर आधी फ्लॅश ड्रायव्हरमधली बिझी बिटची वाट शोधा. मग मोकळ्या पिनवर संरक्षण टास्कच्या सुरुवातीला एक आणि संपताना शून्य लिहा, दुसऱ्या पिनवर म्यूटेक्स घेतल्याचं-सोडल्याचं दाखवा, आणि लॉजिक ॲनालायझर २ मिलिसेकंदांपेक्षा रुंद पल्सवर ट्रिगर लावून रात्रभर चालू ठेवा. रुंद पल्सच्या आत म्यूटेक्सची पिन वरच अडकलेली दिसली तर निदान पक्कं झालं. नसेल तर तक्त्यातला दुसरा कुठला तरी आकडा खोटा आहे. तेव्हा सहाही टास्कच्या कमाल वेळा पुन्हा मोजायला घ्या, सर्वात वरच्या इंटरप्टपासून.